समुद्रवाला

घाटावरच्या मोठ्या सोसायट्यांत हल्ली एक तरी समुद्रवाला सापडतोच. त्याच्या फ्लॅटला सी-व्ह्यू नसतो, म्हणून त्याने समुद्रच दिवाणखान्यात आणून ठेवलेला असतो. सोफ्याची जागा टाकीने घेतलेली असते आणि पाहुण्यांना स्टुलावर बसावं लागतं.

घरात शिरताच चिल्लीपिल्ली ओरडतात, ‘निमो!’ इथे समुद्रवाल्याचा चेहरा पडतो. 2003 सालच्या त्या सिनेमाने आपल्या छंदाचा पार बाजार मांडला, असं त्याचं ठाम मत आहे. ‘निमो नाही बाळा, हा ॲम्फिप्रियॉन लॅटेझोनॅटस. पूर्व ऑस्ट्रेलिया, लॉर्ड हाऊ बेट. मधला पांढरा पट्टा किती रुंद आहे बघ. आणि वरचा ओठ निळसर!’ बाळ तोवर स्वयंपाकघरात गेलेलं असतं. लॉर्ड हाऊ बेटाची खडान्‌खडा माहिती असलेला हा गृहस्थ स्वतः गोव्यापलीकडे गेलेला नाही.

किंमत विचारू नये. विचारलीच, तर ‘तसा स्वस्तात पडला’ म्हणतो; बायको जवळ असली, तर ‘मित्राने दिला’. पापलेटवाल्या मावशीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस हाच.

खरं तर तो मासा पाळतच नाही, पाणी पाळतो. घरची मंडळी साधं फिल्टरचं पाणी पितात. टाकीत जातं ते आरओ-डीआय, टीडीएस शून्य. त्यात खास रीफचं मीठ. ‘घरातलं आयोडिनचं टाका की चमचाभर,’ असं एकदा सासूबाई म्हणाल्या आणि जावयाने दोन दिवस अबोला धरला. रोज सकाळी तो रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब सोडतो, खिडकीकडे तोंड करतो आणि एक डोळा मिटून बघतो. खारटपणाची रेघ 35 वर आली की मगच चहा. रविवारी अल्कलिनिटी : निळं पाणी पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. तेवढ्यात कुणी ‘अहो, सिलिंडरवाला आलाय’ म्हटलं की आकडा विसरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.

हा मासा थंड पाण्यातला. म्हणून मे महिन्यात टाकीला चिलर आणि माणसांना पंखा. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर चालतो. टीव्ही, मिक्सर, बायको यांचा नंबर नंतर.

माशांच्या जोडीसाठी त्याने महागडं समुद्रफूल आणलं. जोडीने ते नीट पाहिलं, आणि काच घासायच्या चुंबकामागे बिऱ्हाड थाटलं. आता चुंबक हलवायची सोय नाही. हात घातला की मादी कडाडून चावते. क्लाउनफिश सगळे आधी नरच असतात. जोडीतला थोरला मादी होतो आणि राज्य करतो. मादी मेली तर तिचा नवरा मादी होतो. हे शास्त्र समुद्रवाला रंगून सांगत असतो. आतून ‘पिशव्या कोण आणणार?’ असा आवाज आला की मधेच उठतो.

मात्र एका बाबतीत त्याची थट्टा करायची नाही. कुणी भाच्याने ‘मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणू का?’ म्हटलं, तर तो खवळतो. आपल्याकडचं दगडी प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर ते वाघाच्या पंगतीला बसतं, हे तो भाच्याला उभं करून ऐकवतो. मासाही समुद्रातून पकडलेला नको, टाकीत जन्मलेलाच हवा, हा त्याचा नियम. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

तेव्हा अशा माणसाने बोलावलं तर जरूर जा. स्टुलावर बसा, ‘निमो’ म्हणू नका, काचेवर टिचकी मारू नका. आणि हा तळून कसा लागतो, हे विचारायचं असेल तर चहा संपल्यावरच विचारा.