साहेब, पेगचं माप छापा

प्रति,
जहाजावरच्या पेयांच्या दरपत्रकावर सही करणारे साहेब,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुमच्या बारमध्ये तीन रात्री काढल्यावर तो शब्द लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

मी 31 वर्षं महाराष्ट्र शासनाच्या वैध मापन शास्त्र विभागात निरीक्षक होतो. लोक आम्हाला वजनमापवाले म्हणतात. बाजारातला काटा, रॉकेलचं माप, पेट्रोलपंपाची नळी आणि परमिट रूममधला पेग हे सगळं तपासण्यात माझी नोकरी गेली. 30 मिलिलिटरचा स्मॉल, 60 चा लार्ज. मापावर विभागाचा शिक्का नसेल तर ते जप्त व्हायचं आणि मालकावर खटला भरायचा. मी असे खटले भरले आहेत. तेव्हा मला दारू महाग मिळाली म्हणून चरफडणारा प्रवासी समजू नका. मी तुमच्याशी मापाबद्दल बोलणार आहे.

गेल्या हिवाळ्यात, पत्नीच्या निवृत्तीनिमित्त, आम्ही सिंगापूरहून सुटणाऱ्या तुमच्या जहाजावर तीन रात्री होतो. पहिल्या संध्याकाळी वरच्या डेकवर व्हिस्की मागवली. दरपत्रकात नाव होतं, 14 डॉलर हा आकडा होता आणि शेजारी त्या व्हिस्कीच्या वासाचं चार ओळींचं वर्णन होतं. ग्लासात किती मिलिलिटर येणार, ते कुठेच नव्हतं. मी पान उलटून पाहिलं, मागची बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचली. तिथे एवढंच होतं की प्रत्येक बिलावर 18 टक्के सेवाशुल्क आपोआप लागेल. म्हणजे 14 चे झाले 16 डॉलर 52 सेंट, आमचे चौदाशे रुपये. आणि समोर आला काठोकाठ बर्फानं भरलेला ग्लास, ज्याच्या तळाशी रंग दिसत होता.

दुसऱ्या रात्री मी बर्फाशिवाय मागवली आणि पत्नीच्या खोकल्याच्या औषधाचं 10 मिलिलिटरचं टोपण घेऊन बसलो. दोनदा भरलं, तिसऱ्यांदा अर्धं. तिसऱ्या रात्रीही तेवढंच. औषधाचं टोपण हे शिक्का मारलेलं माप नव्हे, हे मला कळतं. एखाद-दोन मिलिलिटरचा संशय मी तुमच्या पदरात टाकतो. तरीही माझ्या हिशेबानं ते 25 मिलिलिटर होते.

25 मिलिलिटर देणं हा गुन्हा नाही. ब्रिटनमध्ये जिन, रम, व्होडका आणि व्हिस्की 25 किंवा 35 मिलिलिटरच्या मापानं किंवा त्याच्या पटीत द्यावी लागते. पण तिथे आपण कोणतं माप वापरतो, याची पाटी गिऱ्हाइकाला दिसेल अशी लावावी लागते. तुम्ही 25 घेतलंत आणि पाटी तेवढी काढून टाकलीत. आमच्यासारख्याच्या डोक्यात पेग म्हणजे 30, अमेरिकन प्रवाशाच्या डोक्यात दीड औंस म्हणजे 44. ज्याला जे वाटेल ते वाटू द्यायचं आणि ओतायचं मात्र सगळ्यांत कमी. आमच्या भाषेत याला मापात पाप म्हणतात.

हिशेब करून पाहा. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 30 चे 25 पेग निघतात, 25 चे 30 निघतात. न सांगता मारलेल्या पाच मिलिलिटरमधून दर बाटलीमागे तुम्हाला पाच ग्लास जास्तीचे मिळाले. 14 च्या दरानं 70 डॉलर. तुमच्याच जहाजावर, दोन मजले खाली करमुक्त मालाचं दुकान आहे. तिथे त्याच व्हिस्कीची लिटरची बाटली 52 डॉलरला होती. वर बारमध्ये त्या एका लिटरचे 40 ग्लास होतात आणि सेवाशुल्कासह 660 डॉलर वसूल होतात. आणि खालून घेतलेली बाटली खोलीत नेता येत नाही. ती तुम्ही ठेवून घेता आणि शेवटच्या रात्री हातात देता.

मग पॅकेज. दिवसाला 60 डॉलर, पण एका खोलीतल्या दोन्ही प्रौढांनी घेतलंच पाहिजे. माझी पत्नी दारूला शिवत नाही. 'तिच्यासाठी कशाला?' असं काउंटरवर विचारलं, तर नियम आहे म्हणाले. तीन दिवसांचे दोघांचे सेवाशुल्कासह 424 डॉलर 80 सेंट. जी बाई लिंबूपाणी पिते तिच्याकडून व्हिस्कीचे पैसे मागताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही?

तुमचा धंदा मला समजतो. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि माणूस एकदा पाण्यावर आला की बार, कॅसिनो, सहली यांतून भरून काढायचं. कार्निव्हल या सर्वांत मोठ्या क्रूझ समूहाची 2023 सालची कमाई सुमारे 21.6 अब्ज डॉलर होती आणि त्यातले साडेसात अब्ज तिकिटाबाहेरचे, जहाजावरच्या खर्चाचे होते. सगळा व्यवसायच असा चालतो. दर किती लावावा हा तुमचा हक्क आहे, तोही मी मानतो. आमच्या सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली हॉटेलांना बाटलीबंद पाणीसुद्धा छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकू दिलं. पण त्या बाटलीवर पाणी किती आहे ते छापलेलं असतं. तुमच्या बारमध्ये माझ्याशी खरं बोलली ती फक्त बिअरची कॅन. तिच्यावर 330 मिलिलिटर लिहिलेलं होतं, कारण ते तुम्ही छापलेलं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही देशी दारूच्या दुकानात जा. दिवसभर पाट्या वाहून आलेला मजूर 'नाईन्टी दे' म्हणतो. ते नाव ब्रँडचं नव्हे, मापाचं आहे, 90 मिलिलिटर. ज्याच्या खिशात शंभराची नोट जेमतेम असते, त्याला आपण किती विकत घेतो ते माहीत असतं.

समुद्रावरसुद्धा माप राखणं नवं नाही. 1740 साली ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरल व्हर्ननने खलाशांची रम पाणी घालून देण्याचा हुकूम काढला. पण पाणी उघड्या डेकवर, पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटच्या देखत मिसळायचं आणि कुणाच्या वाट्याची रम मारली जाणार नाही यावर त्यानं लक्ष ठेवायचं, हेही त्याच हुकुमात होतं. रोजची रम 31 जुलै 1970 ला बंद झाली, तेव्हा तिचं माप पाइंटचा आठवा हिस्सा, म्हणजे साधारण 71 मिलिलिटर होतं. चाबकाचे फटके खाणाऱ्या खलाशाचं माप ज्या समुद्रावर राखलं गेलं, तिथे तुम्हाला पेयामागे दोन आकडे छापता येत नाहीत?

तुमच्या बारमागे वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा उभा होता. माझं मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. टोपण पाहून तो ओशाळला आणि हळूच म्हणाला, "काका, माप कंपनीचा आसा. थेंब जास्त गेलो तर माका विचारतत." नऊ-नऊ महिने घर सोडून राहणाऱ्या पोराला गिऱ्हाइकासमोर मान खाली घालायला लावलीत, याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. 18 टक्क्यांतलं त्याला किती मिळतं, हे मी त्याला विचारलं. त्यानं ग्लास पुसायला घेतला. पावतीवर मात्र सेवाशुल्काच्या खाली बक्षिसासाठी आणखी एक रिकामी ओळ होतीच. आमच्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं की हॉटेलानं सेवाशुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. तो नियम तुमच्या डेकपर्यंत पोचत नाही, हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे.

तिथे माझा शिक्का चालत नाही, खटलाही भरता येत नाही. म्हणून हे पत्र. पुढच्या वेळी दरपत्रक छापाल तेव्हा वासाच्या चार ओळींपैकी एक काढा आणि प्रत्येक पेयापुढे त्यात दारू किती मिलिलिटर ते लिहा. सेवाशुल्क धरून पूर्ण दर लिहा. 25 देत असाल तर 25 लिहा. मग ते 14 ला विका नाहीतर 40 ला, मी एक अक्षर बोलणार नाही.

आणि हे पत्र वाचून जे कुणी क्रूझला निघाले असतील त्यांना विनंती, की ग्लास उचलण्याआधी 'किती मिलिलिटर?' एवढं विचारा. बारमागच्या पोरावर आवाज चढवू नका. त्याचं उत्तर पावतीच्या मागे लिहून घ्या आणि उतरताना ती पावती तक्रारीसोबत जहाजाच्या कचेरीत द्या.

आपला,
एक निवृत्त वजनमाप निरीक्षक