मजकूर खोटा, पत्ता खरा

निवडणुकीच्या पत्रकात हमखास खरी अशी एकच ओळ असते, आणि ती सगळ्यात बारीक टायपात तळाशी दडलेली असते : मुद्रक व प्रकाशक, नाव आणि पत्ता. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२७ क. ती ओळ गाळली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे समोरच्याने अख्खं धरण गिळलं असं खुशाल छापा. कुठल्या बोळातल्या प्रेसमध्ये छापलंत, ते मात्र लपवू नका.

खोट्या आरोपालाही कलम आहे, १२३ (४). त्यात मेख अशी, की आरोप नुसता खोटा असून भागत नाही. करणाऱ्यालाही तो खोटा वाटत असावा लागतो, निदान खरा वाटत नसावा लागतो. आता माईक हातात असलेल्या माणसाला स्वतःचं बोलणं खरं वाटत नाही, हे कोण सिद्ध करणार? आचारसंहिता म्हणते, टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर आणि आधीच्या कामगिरीवर करा. सूचना चांगली आहे. पण ती कामगिरी चालू असताना आपण कुठल्या पक्षात होतो, हे आधी तपासावं लागतं. त्यापेक्षा बाप काढणं सोपं.

२०१४ची विधानसभा आठवा. युती तुटली, आघाडीही तुटली, आणि चार पक्ष एकमेकांबद्दल मनातलं बोलायला मोकळे झाले. इतका प्रामाणिकपणा महाराष्ट्राला एकदम झेपला नाही. ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ असं भाजप टीव्हीवरून विचारत होता. मोदींनी राष्ट्रवादीचं बारसं केलं : नॅचरली करप्ट पार्टी. उद्धव ठाकरेंना दिल्लीहून येणाऱ्यांत अफझलखानाची फौज दिसली. १९ ऑक्टोबरला निकाल लागला आणि त्याच दिवशी नॅचरली करप्ट मंडळींनी भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला. शिवसेना महिनाभर विरोधात बसली, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले, आणि ५ डिसेंबरला सेनेच्या मंत्र्यांनी त्याच फौजेच्या सरकारात शपथ घेतली. खानाच्या भेटीला जाताना वाघनखं न्यावीत अशी इथली रीत. या वेळी खात्यांची यादी नेली.

२०१९, २०२२ आणि २०२३चं सांगत बसत नाही. कोण कोणाला काय म्हणालं होतं, हे आता कार्यकर्त्यांनाही व्हॉट्सअॅपवर मागे जाऊन बघावं लागतं.

यात हाल होतात ते तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याचे. ‘गद्दाराला जागा दाखवा’चं प्रूफ ओके झालेलं, वीस बाय दहाचा फ्लेक्स मशीनवरून उतरलेला, कडेच्या रिंगाही ठोकून झालेल्या, आणि फोन येतो : ‘थांबव रे, साहेब आपल्यात आले!’ हुशार फ्लेक्सवाला म्हणून हल्ली मजकूर आणि फोटो वेगळ्या फायलींत ठेवतो. ‘भ्रष्टाचाराचा महामेरू’ पंधरा दिवस आधीच तयार. डोकं तेवढं शेवटच्या रात्री बसवायचं. पैसे मात्र तो आगाऊ घेतो. कारण दोन पक्षांची दिलजमाई झाली, की जुन्या फ्लेक्सचं बिल कोणी द्यायचं नाही यावर त्यांचं सगळ्यात आधी एकमत होतं.