पट्टी डावीकडे, वही उजवीकडे

नारायणगावच्या टोमॅटोचा हिशेब एका पडद्यावर मावत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्यासाठी घरात कितीही बोलणी खायची माझी तयारी आहे. हंगामात उपबाजारात पिकअपची रांग लागते. पिकअपमध्ये कॅरेट, कॅरेटमध्ये वीस किलो माल, आणि त्या मालामागे दोन कागद: आडतदाराची पट्टी आणि शेतकऱ्याची वही. पट्टी सांगते की माल किती आला, भाव काय निघाला, कापलं किती आणि हातात किती. वही सांगते की शेतातून कॅरेट किती निघाले, गाडीभाडं किती गेलं आणि रिकामे कॅरेट किती परत आले. दोन्ही कागद एकाच मालाबद्दल बोलत असतात. वाचणाऱ्याला मात्र तसा संशयही येत नाही.

मी शेतकरी गटांचे हिशेब लिहितो. म्हणजे हे दोन कागद एकमेकांशी बोलायला लावणं, एवढंच माझं काम. भाव पडलेला असला की हे काम फार शांततेचं असतं. पाच कॅरेट कुठं गेले, याची कुणाला फिकीर नसते. उरलेले रस्त्याकडेला ओतायची चर्चा चालू असते. पण २०२३ च्या जुलैत कॅरेटचा भाव २,००० रुपयांच्या वर गेला आणि उभ्या आयुष्यात ज्यांनी हिशेबाची वही उघडली नव्हती, ती माणसं माझ्या मागे येऊन उभी राहायला लागली. एकेका कॅरेटचा शोध हरवलेल्या म्हशीसारखा सुरू झाला.

एका पडद्यावर दोन फाइली जुळवायची रीत ज्यांनी केली आहे, त्यांनाच तिची गोडी माहीत. पट्टीच्या फाइलीत आकडा बघायचा, तो तोंडात धरायचा आणि ‘एकशे सदतीस, एकशे सदतीस’ असा जप करत वहीच्या फाइलीत उडी मारायची. नेमकी तेव्हा आई आतून विचारते, “चहा कितीजणांचा टाकू?” आणि आपण उत्तर देतो, “एकशे सदतीस.” पातेलं आदळल्याचा आवाज येतो. तेवढ्यात आकडा गेलेला असतो.

हा त्रास आमच्याच वाट्याचा नाही. हिशेबाचा तक्ता घरगुती संगणकावर आला तो १९७९ साली, अमेरिकेतल्या डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्कमधून. त्या पहिल्याच अवतारात पडद्याची दोन भागांत वाटणी करायची सोय होती, आणि दोन्ही भाग जोडीनं सरकवायचीही. म्हणजे तक्ता जन्माला आला तोच शेजारी तक्ता मागत. पुढं विंडोज ९८ आलं आणि एका संगणकाला नऊपर्यंत मॉनिटर जोडायची मुभा मिळाली. नऊ मॉनिटरांवर काय बघायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. एक्सेलचं वागणं तर कित्येक वर्षं एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखं... नको, उपमा आवरतो. साधी गोष्ट अशी, की २०१० पर्यंतच्या एक्सेलमध्ये सगळ्या फाइली एकाच मोठ्या चौकटीत उघडत. एक फाइल उचलून शेजारच्या मॉनिटरवर नेऊ म्हटलं तर चौकटच सगळं बिऱ्हाड घेऊन निघायची. लोक ती चौकट दोन मॉनिटरांवर ताणून बसवायचे. २०१३ च्या आवृत्तीत प्रत्येक फाइलीला स्वतंत्र चौकट मिळाली. आमच्या गावातल्या बऱ्याच चुलींची वाटणी याहून लवकर झाली होती.

माझ्या टेबलावर आता एक लॅपटॉप आणि दोन मॉनिटर आहेत. एक पुण्यातून जुन्या बाजारातून आणलेला, दुसरा भाच्यानं ‘मामा, याचा रंग गेलाय’ म्हणून दिलेला. दोघांची उंची जुळत नाही म्हणून एकाखाली जुन्या कृषी दैनंदिन्या घातल्या आहेत. रंग तर मुळीच जुळत नाहीत. तोट्याचा रकाना एकीकडे लालभडक आणि दुसरीकडे केशरी दिसतो. दुसऱ्या गावात हे चाललं असतं. नारायणगावात लाल माल म्हणजे आजच्या आज जवळ खपवायचा आणि केशरी म्हणजे अजून लांबचा प्रवास सोसेल असा. गटाचे अध्यक्ष केशरी मॉनिटरकडे बघून म्हणतात, “मग तोटा अजून दोन दिवस निघंल की.”

गावानं या तीन पडद्यांचा अर्थ आपापल्या परीनं लावला. “पोरगं शेअर बाजार खेळतंय” हा पहिला निष्कर्ष. तो आईपर्यंत पोहोचल्यावर तिनं दोन दिवस माझ्या पैशाच्या पाकिटावर नजर ठेवली. दुसरा निष्कर्ष शेजारच्या तात्यांचा. त्यांनी दारातूनच विचारलं, “काय रं, खोडदच्या दुर्बिणीची शाखा काढली का?”

तात्यांना वाटलं त्यापेक्षा ते खरं होतं. खोडदची रेडिओ दुर्बीण म्हणजे एक दुर्बीण नव्हेच. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत; १४ खोडदजवळ एकगठ्ठा आणि १६ तीन फाट्यांवर, लांबवर, शेतांच्या मधोमध पसरलेल्या. एकटी तबकडी आकाशाचं फार बारीक चित्र देत नाही. प्रत्येक तबकडीनं काय ऐकलं ते दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी ताडून बघायचं, तेव्हा कुठं चित्र उमटतं. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या होतात ४३५. दर वर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं प्रदर्शन भरतं आणि शाळांच्या गाड्या लागतात. मीही बघून आलो आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेबद्दल ४३५ जोड्यांचा मेळ बसतो, आणि मंचर रस्त्यावरच्या वजनकाट्यापासून बाजारापर्यंत आलेल्या एका पिकअपबद्दल दोन कागदांचं एकमत होत नाही, हे मी तात्यांना समजावून सांगितलं. तात्या म्हणाले, “आकाशगंगंत हमाली कापत नसत्याल.” यावर शास्त्राकडे उत्तर नाही.

तरी दोन तक्ते शेजारी मांडायचा मान ना अमेरिकेचा, ना खोडदचा. तो जुन्नरचाच आहे. घाटघरच्या पुढं नाणेघाट उतरायला लागलं, की डाव्या-उजव्या भिंती कोरलेलं सातवाहनांचं लेणं लागतं. राणी नागनिकेच्या नावानं ओळखला जाणारा तो ब्राह्मी लेख दोन भिंतींवर समोरासमोर आहे. दहा ओळी या भिंतीवर, दहा त्या भिंतीवर. कोणता यज्ञ केला आणि त्याची दक्षिणा किती दिली, याची ती यादी आहे. गायी १,७००, हत्ती १०. पुढं घोडे, पुढं कार्षापण. भारतातल्या अंकांच्या अगदी जुन्या खुणांमध्ये तिथले आकडे धरले जातात. शून्य नाही, रकाने नाहीत, पण दोन भिंतींवरचा पसारा हुबेहूब आमच्या धंद्यातला. वाचणाऱ्यानं मधे उभं राहायचं आणि मान इकडून तिकडे फिरवायची. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्यांची नावं आणि पावलं तेवढी उरली आहेत. हिशेब मात्र बराचसा शाबूत आहे. घाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे त्यात जकातीची नाणी टाकत, असं परंपरा सांगते. रांजणात किती पडली आणि भिंतीवरून किती वाटली, याचा ताळा कुणी घातला होता का, हे कुठं कोरलेलं नाही. तिथले हिशेबनीस हुशार असणार.

आजच्या एक्सेलमध्ये मान फिरवायचे कष्टही वाचले आहेत. ‘व्ह्यू साइड बाय साइड’ दाबलं की दोन फाइली शेजारी येतात आणि ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ चालू असलं की एक सरकवली की दुसरीही तेवढीच सरकते. विंडोजची कळ, शिफ्ट आणि बाण असं एकदम दाबलं की उघडलेली चौकट एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारते. ही कळ आमच्याकडे विशेष लागते, कारण आमच्याकडे लाईट जाते. लाईट गेली की दोन मॉनिटर काळे पडतात, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि कधीकधी एखादी फाइल नसलेल्या मॉनिटरवरच उघडून बसते. पडद्याच्या खालच्या पट्टीत नाव दिसतं, फाइल कुठंच दिसत नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे नवीन नाही. आमच्या प्रत्येक घरात सातबाऱ्यावर नाव असलेला एक माणूस मुंबईत डबे पोचवत असतो.

इथपर्यंत सगळं धंद्याचं होतं. मग आत्या आली. दोन फाइली जोडीनं सरकतात, ही बातमी तिला आईकडून कळली होती. तिनं पिशवीतून दोन वह्या काढल्या. तिच्या मोठ्या लेकीच्या लग्नात मांडवाच्या दाराशी बसून लिहिलेली आहेराची वही एक, आणि गेल्या वीस वर्षांत तिनं स्वतः कुठं काय दिलं त्याची दुसरी. “आपण दिलेलं डावीकडं लाव, आलेलं उजवीकडं,” ती म्हणाली. मी दोन्ही याद्या भरल्या. नावं शोधायला व्हीलुकअप लावून बघितलं. ‘वरच्या आळीचे मामा’ आणि ‘अण्णामामा’ हा एकच माणूस आहे हे व्हीलुकअपला कळेना. आत्याला कळत होतं. रोख रकमांचं लवकर उरकलं. अडलं ते साड्यांवर. साडीसमोर आकडा नव्हता. आत्यानं जागच्या जागी मूल्यांकन केलं: आपण दिलेली प्रत्येक साडी बाराशेची, आलेली तीनशेची. दोन्ही साड्या एकाच दुकानाच्या पिशवीतून आल्याचं आईनं सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत उजव्या मॉनिटरवर सात घरं लाल झाली. त्यातली तीन आमच्याच आळीतली आहेत. आईनं त्या दिवसापासून त्या आळीनं जायचं बंद केलं. ती आता मारुतीच्या देवळामागून फिरून जाते.

त्यानंतर तात्या आले, बरोबर त्यांचा चुलतभाऊ. सातबारा हाच मुळात दोन तक्त्यांचा शेजार आहे: गाव नमुना सात मालकीचा, गाव नमुना बारा पिकांचा. त्यामुळं तो दोन मॉनिटरांवर फार शोभतो. दोघांचे उतारे मी शेजारी लावले. क्षेत्राची बेरीज आरापर्यंत तंतोतंत जुळली. दोघांचे चेहरे पडले. भांडायच्या पूर्ण तयारीनं आलेल्या माणसाला बेरीज जुळण्यासारखं दुःख नसतं. एवढ्यात चुलतभावाची नजर ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. तिथं विकास सोसायटीचा बोजा होता. “आरं, तू तर म्हणत होतास ट्रॅक्टर रोखीनं घेतला.” तात्या गप्प. मग तात्यांनी त्याच्या उताऱ्याकडे बोट केलं. तिथंही बोजा, आणि तो मोठा. “आन तू म्हणत होतास बंगला मुंबैच्या पैशातनं बांधला.” वर्षानुवर्षं दोघंही एकमेकांच्या सुबत्तेवर जळत होते आणि दोघांचाही सावकार एकच निघाला. शेवटी तात्या मला हळूच म्हणाले, “बाळा, यातला एक टीव्ही बंद कर.” मी विचारलं, “कुठला?” ते म्हणाले, “त्याचा राहू दे. माझा कर.”

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. एकट्या कागदाला कुणी खोटं ठरवू शकत नाही. भांडण लागतं ते दुसरा कागद शेजारी येऊन बसतो तेव्हा. नात्यातले बरेच कागद इतकी वर्षं गुण्यागोविंदानं नांदले, ते एका ट्रंकेत एक आणि दुसऱ्या ट्रंकेत एक होते म्हणून. टोमॅटो, कांदा, दूध, सोसायटीचा हप्ता यांचा हिशेब बघत असाल तर दुसरा मॉनिटर जरूर घ्या; जुना चालेल, रंग गेलेला चालेल, महिन्याभरात दोन-चार कॅरेट शोधून देऊन तो आपली किंमत भरून काढतो. त्याला मान दुखणार नाही इतक्या उंचीवर ठेवा आणि लाईट जाण्याआधी फाइल सेव्ह करा. पण आहेराची वही आणि भावकीचे उतारे घेऊन कुणी दारात आलं, तर वायर काढून ठेवा आणि मॉनिटर बिघडलाय म्हणून सांगा.