पडला की भाव येतो

घराची किंमत साहित्यावर ठरते असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुन्या नाशकात एक चक्कर मारावी. दगडी जोतं, चुन्याचं बांधकाम, सागाचे खांब, शंभरेक पावसाळे काढलेला वाडा. किंमत विचाराल तर शून्य. पावसाळा तोंडावर आला की महापालिका ‘धोकादायक’ची नोटीस बजावते. भाडं दोन आकडी, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. घर मालकाचं, म्हणून भाडेकरू करत नाही. (पेशवेकालीन सरकारवाडा उभा आहे. तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, शिवाय त्यात भाडेकरू नाहीत.)

मग एके दिवशी वाडा पडतो आणि साहित्याला एकदम भाव येतो! तेच खांब जुन्या लाकडाच्या वखारीत घनफुटावर विकले जातात आणि गंगापूर धरणाकडच्या एखाद्या रिसॉर्टात पॉलिश मारून ‘हेरिटेज’ म्हणून उभे राहतात. कोरीव चौकटीसमोर प्री-वेडिंगचे फोटो निघतात.

वाड्याच्या जागी टॉवर, आणि तिसऱ्या पावसाळ्यात गच्चीवर पत्र्याची शेड. फ्लॅटवाले सांगतात, भाव दुप्पट झाला. झाला असेल, पण तो जमिनीचा. तेव्हा बुकिंगच्या वेळी नळ कोणत्या कंपनीचे हे विचारून झालं, की स्लॅब किती वर्षं गळणार नाही, तेही लेखी मागा.