डागाच्या चतुःसीमा

स्वतःची मोटार स्वतःच्या हाताने धुणारा गृहस्थ आपल्या परिचयात नाही, असे सांगणारा वाचक मला अद्याप भेटावयाचा आहे. सकाळी चहापूर्वी जो गाडीला प्रदक्षिणा घालतो, पाहुण्यांच्या पोराचे बोट काचेच्या दिशेने वळताच ज्याचे वाक्य मध्येच तुटते, आणि आज पाऊस येईल म्हणून व उद्या ऊन फार आहे म्हणून जो गाडी घरी ठेवून एस.टी.ने प्रवास करतो, तोच हा मनुष्य. आमच्या शहापुरात हे स्थान भाऊसाहेब भूषवितात; आणि ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचा छंद हा छंद न राहता दप्तर झाला आहे.

वास्तविक, ज्या मुलुखात शिमग्याच्या सुमारास राब भाजण्याची राख उडते, उन्हाळाभर वीटभट्ट्यांची काजळी उतरते, ज्येष्ठात जांभळांचा सडा पडतो आणि मृग लागताच खाचरांतला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर थेट डांबरी रस्त्यावर येतो, त्या मुलुखात फंडाच्या पैशांतून पांढरीशुभ्र मोटार घेणे म्हणजे निसर्गावर दिवाणी दावा लावणेच होते. भाऊसाहेबांनी तो लावला आणि आजतागायत तडजोडीस नकार दिला आहे.

त्यांचे शास्त्र पक्के आहे. गाडी सावलीतच धुवावी, कारण उन्हात साबण अंगावरच वाळून डाग ठेवतो. आरंभ टपापासून व शेवट चाकांशी करावा, कारण खालची वाळू वर गेली की रंगावर रेघा उठतात. त्याच कारणास्तव धूळ कोरड्या फडक्याने कदापि पुसू नये. भांड्यांचा साबण वर्ज्य, कारण तो मळाबरोबर मेणाचा लेपही उतरवितो. आणि पाखराची विष्ठा दिसताक्षणी भिजवून उचलावी, कारण ती रंग खाते. हे सर्व शंभर टक्के खरे आहे, आणि ऐकणाऱ्यास सर्वांत असह्य होते ते हेच. फडक्यांनाही सेवानियम लागू आहेत: टपाचे फडके जुने झाले की त्याची दारांकडे बदली होते, तेथून चाकांकडे, आणि चाकांवर सेवा पूर्ण झाल्यावरच त्यास निवृत्ती मिळते.

परंतु त्यांची खरी प्रीती पंचनाम्यावर. गाडीवर नवा डाग आढळला की तो पुसण्यापूर्वी त्याची नोंद झालीच पाहिजे असा त्यांचा दंडक असून, त्यासाठी दोन पंच लागतात. पैकी एक समोरचा पिठाच्या गिरणीवाला, आणि दुसरा, शेजारी राहण्याच्या अपराधाबद्दल, मी. ‘आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की’ येथपासून मजकुरास आरंभ होतो. ‘डाग जांभळ्या रंगाचा, आकाराने सुपारीएवढा. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस डावा आरसा, पश्चिमेस पेट्रोलच्या टाकीचे झाकण, दक्षिणेस चाक, उत्तरेस टप. संशयित साळुंकी, फरारी.’ मजकूर वाचून दाखविला जातो, तो बरोबर असल्याची कबुली घेतली जाते, सह्या होतात, आणि मगच ओले फडके बाहेर पडते.

एका दसऱ्यास वहिनींनी पूजा करताना बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, तेव्हा प्रत्यक्ष श्रद्धेविरुद्ध पंचनामा करण्याची पाळी आली. तेव्हापासून स्वस्तिक कागदावर काढून तो कागद काचेस आतून लावला जातो. “पूजा गाडीची की कागदाची?” असे वहिनी दरवर्षी विचारतात; हरकत नोंदवून घेतली जाते.

पौषात मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते आणि बैलांचा मोठा बाजार लागतो. किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने धूळ चुकवीत भाऊसाहेब आम्हांस तेथे घेऊन गेले, बाजारापासून चांगली दूर मोकळ्या जागी त्यांनी गाडी उभी केली, आणि घोंगडी खरेदी करून आम्ही परततो तो एक खोंड दारावर मान घासून खाज भागवीत उभा! शिंगांचा ताजा हिंगूळ दारावर उतरलेला. “सायेब, जनावर हाय, पुसून देतो,” म्हणत मालकाने धोतराचा सोगा पुढे केला. भाऊसाहेब जे ओरडले ते बैलावर नव्हे, त्या कोरड्या सोग्यावर. पंचनामा जागेवरच झाला, आणि चतुःसीमेत पश्चिमेस ‘सदर बैल’ असा उल्लेख आला. मी सही केली.

आता नाइलाजाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८९२ साली तानसा, १९५७ साली मोडकसागर आणि त्यामागून भातसा, अशी धरणे मुंबईसाठी या शहापूर तालुक्यात झाली. त्या महानगरास रोज मिळणाऱ्या सुमारे ३८५ कोटी लिटर पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे. आणि त्याच तालुक्यातले पाडे चैत्र-वैशाखात टँकरकडे डोळे लावून बसतात. भाऊसाहेब एरवीही दोन बादल्यांपलीकडे जात नाहीत, परंतु पाड्यांवर टँकर सुरू झाल्याचे कळले की त्याही बंद होतात. गाडीवर राखेचा थर चढतो, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत तिला फडके लागत नाही.

गेल्या वैशाखात एका पाड्यावर टँकर आलाच नाही, तेव्हा या गृहस्थाने आपल्या बोअरच्या पाण्याचे कॅन डिकीत भरले आणि ती जपलेली गाडी खडीच्या वाटेने संध्याकाळपर्यंत नेली-आणली. पाणी ओतून घेण्याच्या गर्दीत कोणाच्या तरी हंड्याची कड लागून डिकीच्या झाकणावर वीतभर ओरखडा उठला. मी सवयीने खिशातले पेन काढले.

“राहू द्या,” भाऊसाहेब पुढचा कॅन उचलीत म्हणाले, “त्याला पंच लागत नाहीत.”

तो ओरखडा त्यांनी अद्याप भरून घेतलेला नाही. मात्र त्यामुळे त्यांचा स्वभाव सुधारला असे कोणी समजू नये. परवाच एका कावळ्याच्या प्रकरणी मला जेवणावरून उठविण्यात आले.

मुंबईत गाडीवर नळी सोडून निम्मा रस्ता भिजविणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती: नळी बंद करा, बादली घ्या. तुमची मोटार ज्या पाण्याने चकाकते त्याच्या चतुःसीमा आमच्या तालुक्यात आहेत. पंचनामा तेवढा व्हावयाचा आहे, आणि पंच क्रमांक दोन सहीस तयार आहे.