बॅचवाले सर

सरांचं खरं नाव तालुक्यात कुणी घेत नाही. 'बॅचवाले सर' म्हटलं की एसटी स्टँडमागचं ट्रेनिंग सेंटर शेंबडं पोरही दाखवतं. सरांना माणसं दिसतच नाहीत, उमेदवार दिसतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला, तर यांचं लक्ष त्याच्या वयाकडे. वय बसतंय, आधार बँकेला जोडलेलं आहे, एवढं कळलं की सर ताटावरून उठतात. तीसची बॅच अठ्ठावीसवर अडलेली असते ना!

१९ ऑक्टोबर २०२३ला राज्यातल्या ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं, त्यासाठी सरांनी नवा सफारी शिवला. स्वतःच्या शिवणवर्गात नव्हे, बाहेर. पुढच्या वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६ हजार, आयटीआयला ८, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. लोकांनी तिचं नाव 'लाडका भाऊ' ठेवलं. सरांची पोरं रातोरात तिकडे पळाली. "सरकारनंच आमची बॅच फोडली," हे सर अजून पक्ष फुटल्याच्या सुरात सांगतात.

"बीडीएसवर निधी दिसतोय का?" हा मार्च महिन्यातला त्यांचा रामराम. बीडीएस म्हणजे सरकारी निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली. बॅचचे सरकारी पैसे येणार टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा हजेरीच्या अंगठ्यावर टेकलेला. कांदा काढून आलेल्या बायांचा अंगठा मशीन घेत नाही. मग सर स्वतः ओलं फडकं घेऊन एकेकीचा अंगठा पुसतात, फुंकर घालतात, "मावशी, जरा दाबून" म्हणतात. राबलेला हात मशीनला चालत नाही आणि याच यंत्रणेला कौशल्य वाढवायचंय, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. सरांच्या शिरतं, त्यांनी बिनकष्टाच्या अंगठ्यांची यादी वेगळी ठेवली आहे.

शेवटचा हप्ता मात्र उमेदवार कामाला लागल्यावरच. सध्या तो एकीपायी अडकलाय. ती बाई शिवण खरोखरच शिकली. घरी दोन मशीन टाकली, हाताखाली जाऊबाई घेतली. सरांना तिचा मशीनवर बसलेला फोटो आणि एक सही हवी आहे. चार चकरा झाल्या. पाचव्यांदा सर बायकोचं ब्लाउजपीस घेऊनच गेले. तिनं माप लिहून घेतलं, अ‍ॅडव्हान्स मागितला आणि मान वर न करता म्हणाली, "सर, लग्नसराई उरकल्यावर या."