लकी अली प्रत्यक्ष ऐकताना: चाळिशीतल्या नवशिक्यांसाठी

आधी पात्रता तपासा. 1996 साली तुम्ही सातवी ते बारावीच्या मध्ये कुठेतरी असायला हवं आणि घरात केबल नुकतीच आलेली असायला हवी. ‘ओ सनम’चा व्हिडिओ बघून पिरॅमिडविषयी वाटलेलं कुतूहल इतिहासाचं पुस्तक वाचून कधीच वाटलं नसेल, तर अर्ज मंजूर. ‘हा गातोय की झोपेत बडबडतोय?’ असं आई त्या वेळी म्हणाली असेल, तर विशेष प्राधान्य. तो मेहमूदचा मुलगा आहे हे कळल्यावर तीच आई ‘मग असेल काहीतरी’ म्हणत स्वयंपाकघरात गेली असेल, तर तुम्हाला मुलाखतीची गरज नाही.

तिकीट काढताना मोबाइलवर एक नकाशा दिसेल. त्यातला सगळ्यात महाग रंग म्हणजे मंचासमोरची जागा. जास्त पैसे मोजले की खुर्ची मिळते हा नाट्यगृहातला नियम इथे उलटा चालतो. जास्त पैसे देणारा तीन तास उभा राहतो. पंचवीस वर्षांच्या पोरांना हे चालतं. तुम्ही गुडघ्यांना विचारून ठरवा आणि नवे बूट त्या दिवशी घालू नका.

शिवाय ऐकायलाच जायचं असेल, तर मंचाला चिकटण्यात अर्थ नाही. मैदानाच्या मधोमध, थोडं मागे, एक छोटा मांडव असतो. त्यात साउंडवाले असंख्य बटणांच्या फळीमागे उभे असतात. ते जे ऐकतात त्यावरून सगळ्या मैदानाचा आवाज जुळवतात, म्हणून त्यांच्या आसपास उभं राहणाऱ्याला गाणं सगळ्यात नीट ऐकू येतं. अगदी पुढे गेलात तर छातीत ढोल वाजतो आणि शब्द हरवतात. फार मागे राहिलात तर वेगळीच गंमत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, त्यामुळे मंचापासून 100 मीटरवर उभं असताना मंचावरचे भोंगेच ऐकू येत असतील, तर मोठ्या पडद्यावर हात तारेवर पडलेला आधी दिसतो आणि झंकार पाव सेकंदाहून जरा उशिरा येतो. साउंडवाल्यांच्या मांडवाजवळची जागा फुकट असते, पण तिथे कुणी गर्दी करत नाही, कारण तिथून सेल्फी चांगला येत नाही.

गृहपाठ थोडाच आहे, तीन अल्बम. ‘सुनो’ 1996, ‘सिफर’ 1998, ‘अक्स’ 2001. ‘कहो ना प्यार है’मधली दोन गाणी तुम्हाला पाठ आहेत असा तुमचा समज असेल, पण तुम्हाला पाठ आहे तो हृतिकचा हात. गाण्याचं फिल्मफेअर लकी अलीला मिळालं होतं, हेही लक्षात असू द्या. शेजारची कॉलेजची मुलं ‘तमाशा’तल्या ‘सफरनामा’वर जास्त ओरडतील. त्यांना कमी लेखू नका. त्यांना सगळ्या गाण्यांची सगळी कडवी येतात. तुम्हाला पहिलं येतं, दुसऱ्याला ‘हं हं’ आणि मग पुन्हा धृपद. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच राहिलेला, इन केलेल्या शर्टातला एक गृहस्थ प्रत्येक मैफलीत असतो. तो डोळे मिटून, चुकीचे शब्द, सगळ्यांत मोठ्या आवाजात गातो. त्याच्या शेजारी उभं राहा. त्याच्यापुढे आपण बरे वाटतो.

आता मुख्य अडचण. मंचावरचा माणूस कॅसेटसारखं गाणार नाही. लय जरा संथ होईल, ओळ तुमच्या ओळखीच्या जागेच्या अलीकडे सुटेल किंवा पलीकडे, आणि वरचा सूर गाण्याचं काम गर्दीकडे सोपवलं जाईल. नवशिके इथे खट्टू होतात. ‘आवाज राहिला नाही हो’ असं शेजाऱ्याला सांगायची ऊर्मी येते. ती आवरा. 2020 च्या अखेरीस गोव्यातला त्याचा एक व्हिडिओ घरोघरी फिरला. हातात गिटार, वाद्यवृंद नाही, मोजकी माणसं आणि तेच ‘ओ सनम’, पण पिकलेल्या आवाजात. मला विचाराल तर मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा ते जास्त खरं वाटतं. जाण्याआधी तो व्हिडिओ ऐकून घ्या, म्हणजे मैदानात धक्का बसणार नाही.

एक हिशेब मात्र घरीच करून जा, तिथे केलात तर जड जाईल. लकी अलीचा जन्म 1958 चा. ‘सुनो’ आला तेव्हा तो 38 च्या आसपास होता. त्याआधी 1978 मध्ये वडिलांच्या ‘एक बाप छह बेटे’साठी तो गायला होता. 1985 मध्ये श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये, मारिओ मिरांडांच्या लोटलीच्या घरात चित्रित झालेल्या त्या गोव्याच्या गोष्टीत, त्याने काम केलं होतं. म्हणजे तेराव्या वर्षी तुम्ही ज्याला तरुणाईचा आवाज मानलंत, तो बरंच काही करून झालेला, अजून नाव न झालेला, आजच्या तुमच्याहून लहान माणूस होता. त्या गाण्यांतलं भटकणं तुम्हाला तेव्हा सहलीसारखं वाटलं. तो घर सापडत नसल्याबद्दल गात होता. हे आता कळणार, तेही शेजारी कुणीतरी पॉपकॉर्न चावत असताना.

सोबत मुलांना नेऊ नका असं मी म्हणत नाही, पण तुम्ही नाचताना ती व्हिडिओ काढतात आणि तो कौटुंबिक ग्रुपवर जातो, याची जबाबदारी तुमची. नवरा किंवा बायको कुमार सानू पंथातली असेल, तर खाण्याच्या स्टॉलची दिशा आधी दाखवून ठेवा.

वेळेचं भान ठेवा. उघड्या मैदानात रात्री 10 नंतर भोंगे बंद करावे लागतात. मध्यरात्रीपर्यंतची सवलत सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस देऊ शकतं, आणि त्यातले बरेच गणपती-नवरात्रातच खर्ची पडतात. तेव्हा कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर कात्री शेवटाला लागते, आणि लोक ज्यासाठी आलेले असतात ते गाणं बहुधा शेवटाकडेच राखलेलं असतं. प्रत्येक ग्रुपमध्ये साडेनऊला ‘गर्दी व्हायच्या आत निघू या का?’ म्हणणारा एक जण असतो. गाडीची किल्ली त्याच्याकडे देऊ नका.